गाडी किती बसवते

पनवेलच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला जो तो एकच विचारतो, गाडी कधी सुटणार आणि कधी पोचणार. सुकापूरची सखूबाई खिडकीला नाक लावून विचारायची, "दादा, ही गाडी किती बसवते?"

पहिल्या वेळी तो माणूस तिच्याकडे बघतच राहिला. पुढे त्याला सवय झाली. मग तोच सांगायचा, "आजी, ही थेट आहे, तुम्हाला परवडायची नाही. मागची घ्या, ती सगळ्या फाट्यांवर रेंगाळत जाते."

"देव तुजं भलं करो," म्हणून सखूबाई पुढ्यात उभी असलेली रिकामी गाडी खुशाल सोडून द्यायची.

तिचा हिशेब सरळ होता. तिकीट म्हणजे बसण्याचे पैसे. पोचायला काय, माणूस चालत गेला तरी पोचतो. पोचण्याचे कोण पैसे देतं?

हा हिशेब तिला कुणी शिकवला नव्हता. तो गुडघ्यांतून आलेला होता. ती सून म्हणून सुकापूरला आली तेव्हा तिथे टॉवर नव्हते, भाताची खाचरं होती. सकाळी चिखलात, दुपारी चुलीपाशी, आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावर भाजीची पाटी. घरात जरा टेकली की सासू विचारी, "कंबर मोडली का गो तुजी?" बसायला मिळे ते फक्त गाडीत. तिकीट काढून बसलेल्या बाईला कोणी ऊठ म्हणत नाही. एकदा खिडकी सखूला मिळाली आणि सासूला नाही मिळाली, तेव्हा सासू म्हणालीच, ऊठ. तर कंडक्टर मध्ये पडला, "म्हातारे, तिचं तिकीट आहे, तिला बसू दे." त्या कंडक्टरचं नाव सखूबाईला कधी कळलं नाही, पण दिव्याला हात जोडताना ती त्याच्या नावाचे दोन जास्तीचे जोडायची. नाव नसलं म्हणून काय झालं.

तेव्हापासून कुठलीही गाडी ती बसण्यावर तोलायची. भाच्यानं हौसेनं एकदा खारघरला थंड गाडीतून नेलं. उतरल्यावर त्यानं विचारलं, "कशी वाटली, मावशी?"

"लुबाडलं रं तुला," ती कळवळून म्हणाली. "पैसे जास्त घेतले, बसवलं कमी, वर काच पन उघडत नाय."

रिक्षावाल्यांशी तर तिचं उभं वैर. चौथं माणूस ड्रायव्हरशेजारी टेकवतात, त्याचं अर्धं बूड हवेत, आणि पैसे अख्ख्या बुडाचे. पुढे बायकांना लाल गाडीत अर्धं तिकीट झालं तेव्हा पहिल्या दिवशी ती धास्तावून बाकाच्या कडेला अंग चोरून बसली होती. अख्खं बसलं तरी कोणी काही म्हणत नाही हे कळल्यावर तिनं गावभर सांगितलं, "अर्धे पैसे आनि बसाला अख्खी जागा! सरकार इसरलं असल, कोनी बोलू नका." आता तिला एकच काळजी होती. पंचाहत्तरी झाली की गाडी फुकट. फुकट बसलेल्या बाईला कुणी ऊठ म्हटलं तर कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? म्हणून ती वय विचारलं की चार वर्षं कमीच सांगायची. बाकीच्या बायका लाजेपायी वय चोरतात, ही तिकिटापायी.

सखूबाईचा व्यवसाय म्हणाल तर ती धवलारीण. आगरी लग्नात हळदीला, मांडवाला धवले गाणारी बाई. भटजी मंत्र म्हणतो तो म्हणतोच, पण धवलारणीनं देवांना गाऊन आवतण दिल्याशिवाय हळद अंगाला लागली तरी लागली असं कोणी धरत नसे. म्हणजे पूर्वी धरत नसे. आता मांडवात डीजे येतो, तो तासावर पैसे घेतो, आणि म्हातारी गात असली की डीजेचं मीटर चालू राहतं. म्हणून लोक म्हणतात, आजी, जरा आवरतं घ्या.

सखूबाईला अक्षर येत नव्हतं. एवढा लांब धवला ती डोक्यात कशी ठेवायची? तिनं तो उरणच्या गाडीच्या वाटेवर ठेवला होता. पनवेलला गाडी सुटली की गणपतीला आवतण. करंजाड्याला चांद-सुर्व्याला. गव्हाण फाट्याला गावदेवीला. जासईला शेताच्या बांधावरच्या देवाला, दास्तान फाट्याला खाडीला, नवघरला मिठागराला. मिठागरं जाऊन तिथे कंटेनर आले तरी आवतण चालूच, कारण देव काही कंटेनरला घाबरून पळत नाही. बोकडवीऱ्याला घरातल्या गेलेल्या माणसांना. आणि उरण आलं की नवरी. गाडी जिथे थांबे तिथे तिचे ओठ हलायचे, आणि उतरेपर्यंत सगळा धवला जिभेवर ताजा असायचा. लग्न पेणला असो नाही तर सुकापुरात शेजारच्या घरी, सखूबाई आधी उरणला जाऊन यायची. शेजारच्या लग्नाला जायला उरणमार्गे जाणारी बाई म्हणून तिची थट्टा व्हायची. ती म्हणायची, "होऊ दे."

यंदा किशोरीची हळद होती. उरणला, स्टँडच्या मागच्याच पाड्यात. किशोरीच्या आजीची हळद सखूबाईनं गायली होती, आईचीही गायली होती. पण आता कारभार किशोरीच्या भावाकडे, निकेशकडे. त्यानं फोन करून सांगितलं होतं, "आजी, तू दहा मिनटांत उरक. आनि टायमावर ये. नाय आलीस तं माज्या मोबाईलमदी धवले हायेत, मी ते लावीन."

सखूबाई रात्रभर कूस बदलत राहिली. उशिराची भीती नव्हती, भीती मोबाईलची होती. एका मांडवात मोबाईलनं भागलं, की मग दुसऱ्यात, तिसऱ्यात. मग तिला कोण बोलावणार? मांडवातला पाट ही जगातली दुसरी जागा, जिथून तिला कुणी ऊठ म्हणत नसे.

ती दुपारचं जेवण लवकर उरकून स्टँडवर आली. खिडकीत त्या दिवशी दुसराच माणूस होता. "उरन किती बसवते?" विचारल्यावर तो म्हणाला, "नेहमीएवढीच, आजी, बसा." उरणच्या वाटेवर नुकताच नवा पूल सुरू झाला होता, त्याचं त्याला बिचाऱ्याला ठाऊक नसावं.

गाडीत ओळखीचे चेहरे होते. सुकापूरच्या, आजूबाजूच्या गावच्या बायका, सखूबाईच्या हिशेबानं गाडी निवडणाऱ्या. आणि पुढच्या बाकावर नझीरचाचा. पनवेलच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. उरणला लेक दिलेली, तिला भेटायला दर आठवड्याला याच गाडीनं जायचे. लेकीकडे पोचलं की नातवंडं घोडा करतात, म्हणून त्यांनाही बसणं ते गाडीतलंच.

गाडी सुटली. सखूबाईनं तिकीट कनवटीला खोचलं, गणपतीला आवतण दिलं. करंजाड्याला चांद-सुर्व्याला दिलं. गव्हाण फाट्याला गावदेवीला बोलावून ती सावरून बसली, आता जासई. आणि गाडी खाली वळायच्या ऐवजी सरळ वर चढली. खिडकीबाहेर नुसतं आकाश. जासई, दास्तान फाटा, नवघर, बोकडवीरा, सगळं पायाखालून निघून गेलं. सखूबाईनं वाकून बघितलं तर लांब खाली पत्रे आणि नारळीचे शेंडे. तिचा बांधावरचा देव त्यातच कुठे तरी आवतणाची वाट बघत उभा असेल. ती ओठ हलवायला गेली तर ओठांवर काहीच नाही.

आणि लगेच उरण.

"चला, उरण! उतरून घ्या," कंडक्टर म्हणाली. ही रुचिरा, खारघरची पोरगी, नोकरीला नवीन. तिला वाटलं, आज लोक खूश होतील.

कोणी हललं नाही.

"उरण आलं," रुचिरा पुन्हा म्हणाली.

"आलं तं येऊ दे," सखूबाई म्हणाली. "आमचं बसनं नाय झालं."

"म्हणजे?"

"तिकीट केवढ्याचं फाडलंस?"

"नेहमीचंच."

"मंग बसनं पन नेहमीचं दे."

रुचिरानं मदतीसाठी नझीरचाचांकडे बघितलं. दाढी पांढरी, माणूस समजूतदार दिसत होता.

"बेटा," ते हळूच म्हणाले, "माझं कापडाचं दुकान आहे. गजभराचे पैसे घेऊन मी पाऊण गज फाडून दिलं, तर गिऱ्हाईक काय म्हणेल? लवकर फाडलंत म्हणून शुक्रिया म्हणेल?"

"पण चाचा, तुम्ही पोचलात ना!"

"पोचलो, अलहमदुलिल्ला. त्याची तक्रारच नाही. तक्रार बसण्याची आहे."

"बराबर हाय!" मागून बायका ओरडल्या. शेवटच्या बाकावर कानात वायरी घातलेला एक कॉलेजचा पोरगा उठून दारापर्यंत आला होता. त्यानं सगळ्यांकडे बघितलं आणि परत जाऊन बसला. एवढी माणसं बसून आहेत म्हणजे काही तरी मिळत असणार.

"पैसे परत द्यायची सोय या मशिनीत नाही हो," रुचिरा रडवेली झाली.

"पैसे कोन मागतं गो बाय? पैसे ठेव तुला. बसनं दे."

ड्रायव्हर गणू खिडकीतून म्हणाला, "बसू दे त्यांना. परतीची वेळ व्हायची आहे अजून. मी चहा घेतो." जाता जाता तो थबकला. "पण वेळ झाली की गाडी पनवेलला निघणार. मग परतीचं तिकीट लागेल सगळ्यांना."

यानं गाडीत जरा खळबळ झाली. न उतरता परत पनवेल म्हणजे बसणं दुप्पट, पण तिकीटही दुसरं. एका बाईनं ते फायद्याचं आहे असंही सांगून बघितलं.

एवढ्यात खिडकीखाली निकेश आला. नवा सदरा, कपाळाला हळद, हातात मोबाईल.

"आजी! तू हितं काय करतेस? उतर पहिली. डीजे येऊन उभा हाय."

"बसलेय," सखूबाई म्हणाली.

"ते दिसतंय. उतर!"

"नाय उतरत."

"मंग मी मोबाईल लावू?"

आता सखूबाई पेचात पडली. उतरावं तर एवढ्या माणसांना आपणच बसायला लावलं आणि आपणच उठायचं, हे शोभेना. न उतरावं तर मांडवातला पाट जातो. आणि तिसरी गोष्ट ती कुणाला सांगू शकत नव्हती. उतरून पाटावर बसलं तरी गायचं काय? जासईपासून पुढचा सगळा धवला पुलाखाली राहिला होता.

"सखूबाई," नझीरचाचा हळूच म्हणाले, "तुम्ही उठलात तर आम्ही कुणाच्या जिवावर बसायचं?"

रुचिरानं आळीपाळीनं म्हातारीकडे, निकेशकडे, चाचांकडे बघितलं. मग घड्याळाकडे. नोकरी नवीन असली तरी पोरगी हुशार.

"तुम्हाला फक्त बसायचंच आहे ना?" तिनं विचारलं.

"हां."

"इथेच बसलं पाहिजे असं तिकिटावर लिहिलंय का कुठे?"

ज्यांना वाचता येत होतं त्यांनी तिकीट काढून बघितलं. तसं काही लिहिलं नव्हतं.

"मांडवात खुर्च्या आहेत का हो, दादा?"

"गादीच्या हायेत," निकेश बेसावधपणे म्हणाला.

"मग चला. राहिलेलं बसणं मांडवात बसून घ्या. तुमची वेळ भरेपर्यंत तिकीट चालेल. मी सांगते ना! मी येते सोबत, तपासायला."

गादीची खुर्ची म्हटल्यावर विरोध करायला कोणी उरलं नाही.

असं ते वऱ्हाड निघालं. पुढे कपाळाला हात लावलेला निकेश, मागे सखूबाई, तिच्यामागे हातात तिकिटं धरलेली सगळी गाडी, नझीरचाचा, वायरीवाला पोरगा, आणि शेवटी मशीन गळ्यात घातलेली रुचिरा. मांडवात शिरताना प्रत्येकानं दारातल्या माणसाला तिकीट दाखवलं. तो मुलीचा काका होता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा हळदीला तिकीट बघितलं, पण नवीन पद्धत असेल म्हणून त्यानं मान हलवून आत सोडलं.

पाव्हण्यांच्या आधीच सगळ्या पुढच्या खुर्च्या भरल्या. किशोरी पाटावर हिरवी साडी नेसून बसली होती. समोर दुसरा पाट रिकामा. सखूबाई त्यावर बसली आणि तिच्या गुडघ्यांना बरं वाटलं, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

"दहा मिनटं," निकेश कानाशी म्हणाला. डीजेवाला आपल्या पेट्यांपाशी बोट तयार ठेवून उभा होता.

सखूबाईनं डोळे मिटले. गणपती आला. चांद-सुर्व्या आले. गावदेवी आली. आवाज म्हाताऱ्या सुपारीसारखा, वरून सुकलेला पण आत घट्ट. बायका सरसावून बसल्या. आणि गावदेवीच्या पुढे सखूबाई थांबली.

पुढे पूल होता. नुसतं आकाश.

ती पुन्हा गावदेवीपासून सुरू झाली, पुन्हा तिथेच थांबली. किशोरीनं मान वर करून बघितलं. पाव्हणे कुजबुजले. निकेशचा चेहरा जरा उतरला, कारण पोरगा वाईट नव्हता. पण हात मात्र त्यानं वर केला, आणि डीजेवाल्याचं बोट खाली यायला लागलं.

"आता का थांबली गो?" मागून एका बाईनं विचारलं. "गाडी बंद पडली काय?"

सखूबाई रुचिराकडे वळली. मांडवात एवढी माणसं असताना ती फक्त तिच्याकडे बघत होती.

"तू जासईला थांबली नायस," ती बारीक आवाजात म्हणाली. "माजा देव तिथंच रायला."

रुचिराला काही कळलं नाही. पण जासई म्हटल्यावर कंडक्टरला जे कळतं ते कळलं. ती उभी राहिली, आणि डीजेच्या पेट्यांनाही मागे सारील असा आवाज तिनं लावला,

"जासई! जासईवाले चला!"

सखूबाईच्या तोंडातून बांधावरचा देव असा सुटला, जसा दार उघडल्याबरोबर वासरू. बांध आला, बांधावरचं आंब्याचं झाड आलं. डीजेवाल्याचं बोट हवेतच राहिलं. आवतण संपलं तसं सखूबाईनं बोटानं खूण केली. रुचिरा ओरडली,

"दास्तान फाटा! दास्तान!"

खाडी आली, भरतीसकट आली.

"नवघर!"

मिठागर आलं. मागच्या खुर्चीतल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले, त्याचं आयुष्य मीठ ओढण्यात गेलं होतं. गाडीतल्या लोकांना आता खेळ समजला होता. पुढचा फाटा रुचिराबरोबर सगळेच ओरडले, नझीरचाचा सगळ्यात मोठ्यानं,

"बोकडवीरा!"

आता गेलेली माणसं आली. किशोरीच्या पणज्याला बोलावलं, पणजीला बोलावलं, आणि सखूबाईनं ज्या आजीची हळद गायली होती तिला नावानं हाक मारली. किशोरी रडायला लागली. निकेशनं हात केव्हाच खाली घेतला होता. तो डीजेवाल्याकडे गेला आणि त्याला काही तरी बोलला.

"पण साहेब, माझं मीटर चालू आहे," डीजेवाला म्हणाला.

"चालू दे," निकेश म्हणाला. "आनि बस तू पन खाली."

दहा मिनिटं केव्हाच उलटली होती. "उरन! शेवटचा स्टॉप!" असं म्हणून रुचिरानं सवयीनं दोरी ओढायला हात वर केला. हाताला मांडवाची झालर लागली, तीच तिनं दोनदा ओढली. वरून फुलांची माळ सुटून नवरीच्या गळ्यात पडली. सगळ्यांना वाटलं, हेही विधीतलंच.

किशोरीला हळद लागली. गाडीतल्या प्रत्येकानं आपल्या मनाशी हिशेब केला आणि बसणं पुरेपूर भरलं असं ठरवून खुर्ची सोडली. वायरीवाला पोरगा तर जेवूनच गेला; काही तरी मिळणार हा त्याचा अंदाज खरा ठरला. नझीरचाचा रुचिराला म्हणाले, "बेटा, आजच्या कापडात बरकत होती. गजाच्या वर भरलं."

सखूबाईला लुगडं, नारळ, तांदूळ मिळाले. ती सुपातलं पिशवीत भरत होती तेव्हा किशोरीची मावशी जवळ आली. तिचं गाव पेणच्याही पुढे.

"माज्या पोराची हलद हाय," ती म्हणाली. "तुमीच या. मोबाईल नको."

"येन ना," सखूबाई म्हणाली, आणि पिशवीत तोंड घालून तिनं दोन क्षण उगाच तांदूळ निवडले.

"पन त्या कंडक्टरबायना पन घेऊन या हां. त्यांच्याबिगर शोभाची नाय."

सखूबाईनं रुचिराकडे बघितलं. रुचिरा घड्याळ बघत स्टँडकडे पळायच्या बेतात होती. तिनं पळता पळता हात हलवला, तो हो म्हणून की सोडा म्हणून, ते कळलं नाही. सखूबाईनं तो होच धरला.

"गाव लांब हाय का गो?" तिनं मावशीला विचारलं.

"हाय जरा. गाडी लई फिरून फिरून जाते, सगल्या गावांत थांबते. कंटालाल तुमी."

सखूबाईनं लुगड्याची घडी छातीशी धरली.

"पूल तं नाय ना मदी?"

"नाय."

"मंग येते."